दाब आणि लगाम : टर्बोचार्जरची कहाणी

इंजिनाच्या धुराबरोबर केवढी शक्ति वायां जाते, हें यंत्रकर्त्यांच्या ध्यानांत फार पूर्वींच आलें होतें. त्या धुराच्या झोतावर एक चक्र फिरवावें आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरावी, या कल्पनेचें पेटंट स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनीं 1905 सालीं मागितलें. हवा अधिक म्हणून इंधन अधिक, आणि इंधन अधिक म्हणून शक्ति अधिक, असा हा सरळ हिशेब होता. 1918 सालीं अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यांनीं पाइक्स पीक या 14,000 फुटांहून उंच शिखरावर लिबर्टी विमान-इंजिन नेलें आणि तेथील विरळ हवेंतहि त्याच्याकडून समुद्रसपाटीइतकी शक्ति घेऊन दाखविली.

विमानाला गमावलेली हवा परत मिळवावयाची होती; मोटारीला मात्र निसर्गानें दिली त्याहून जास्त हवी होती. संकट उभें राहिलें तें येथेंच. दाबलेली हवा तापते. ठिणगीनें पेटलेली ज्वाला सिलिंडरभर पसरण्यापूर्वींच कोपऱ्यांत उरलेलें तप्त मिश्रण आपोआप भडकतें आणि आंतून ठोके ऐकूं येतात. कारागीर यालाच नॉकिंग म्हणतात. ते चालूं दिले, तर पिस्टन फुटावयास वेळ लागत नाहीं.

1962 सालीं ओल्ड्समोबिल कंपनीनें जेटफायर ही मोटार विक्रीस आणली. 215 घनइंचांच्या इंजिनांतून 215 अश्वशक्ति! परंतु त्या इंजिनाचें दाब-गुणोत्तर 10.25 इतकें चढें ठेवलें होतें. त्यामुळें ठोके टाळण्यासाठीं पाणी आणि मेथॅनॉल यांचें मिश्रण आंत फवारावें लागे. त्याची टांकी रिकामी झाली कीं एक झडप मिटून दाब आपोआप रोखला जाई. योजना निर्दोष होती. मात्र तिनें माणसाच्या विसराळूपणाचा विचार केला नव्हता. टांकी भरावयाची राही, गाडी मंदावे आणि मालक कुरकुर करीत. अखेर 1965 सालीं कंपनीनेंच टर्बोचार्जर काढून साधा कार्बुरेटर बसवून देण्याची तयारी दर्शविली.

स्वीडनमधील साब कंपनीचे पेर गिलब्रांड यांनीं निराळा मार्ग धरला. 1977 सालच्या साब 99 टर्बोंत त्यांनीं दाब-गुणोत्तर 7.2 पर्यंत उतरविलें, टर्बोचार्जर लहान घेतला आणि जादा धूर चक्राला वळसा देऊन सोडणाऱ्या झडपेनें दाबाला मर्यादा घातली. दोन लिटरच्या इंजिनानें 145 अश्वशक्ति दिली. पुढें 1982 च्या गाड्यांत तर इंजिनालाच जणूं कान फुटले. ठोक्यांचा कंप टिपणारें एक उपकरण इंजिनाच्या अंगावर बसविलें. ठोका उमटतांच ही झडप उघडून दाब उतरे. या भरंवशावर दाब-गुणोत्तर 8.5 पर्यंत चढवितां आलें.

त्यानंतर हौशी मंडळींचा सुळसुळाट झाला. झडपेकडे जाणारी रबरी नळी काढली कीं झडप मिटलेली राहते आणि दाब बेसुमार चढतो, ही युक्ति फुकटची. पण वाढत्या हवेच्या प्रमाणांत इंधन देणें, दाबलेली हवा थंड करून घेणें, ठिणगी किंचित् उशिरा पाडणें आणि प्रत्येक पायरीवर मोजमाप करणें, हें खर्चाचें व चिकाटीचें काम. तें टाळून जोरांत निघालेल्या कित्येक गाड्या दुसऱ्या गाडीच्या दोराला बांधून घरीं आल्या.