डोळ्यांत धूळ

मैत्रिणींनो, कुणाला फसवलं की इंग्रज म्हणतात, त्याच्या डोळ्यांवर लोकर ओढली. लोकर कसली? विलायतेत बडी माणसं नकली केसांचे टोप घालत, त्या केसांनाच थट्टेनं लोकर म्हणत. टोप पुढं ओढला की माणूस आंधळा, असं सांगतात. पण हे बोलणं छापलेलं सापडतं ते एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत, टोपांची चाल सरल्यावर.

आपण मात्र डोळ्यांत धूळ फेकतो. 1943 साल. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक दारुडा बायकोला बडवत होता. भलामोठा दगड उचलून जीव घ्यायला निघाला. बाई भावाला विनवत होती, ‘मला नांदायला धाडू नको, इथंच एक खोली दे.’ भाऊ ऐकेना. ठाण्यातले दोन्ही पोलीस बाहेर आले, समजूत घातली, तिघांना रेल्वे स्टेशनावर नेलं, तिकिटंसुद्धा काढून दिली. तेवढ्यात ठाण्यातल्या चार बंदुका गेल्या!

बाई म्हणजे हौसाताई पाटील, क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक. वय 17, पदरी लहान मुलगा, तो मावशीकडं ठेवलेला. नवरा आणि भाऊ दोघंही खोटे, प्रतिसरकारचे गडी. (तेव्हा सांगली जिल्हा नव्हता, सगळा मुलूख साताऱ्याचाच.)

पोलिसांना संशय कसा आला नाही? असा नवरा नि ‘सासरी जा’ म्हणणारा भाऊ गावोगावी होता की!

मार मात्र खरा बसला. नव्वदी उलटल्यावरही हौसाताई त्या खोट्या नवऱ्यावर चिडून होत्या.