पानशेतपर्यंत न पोचलेला काठ

राजकारण हा आमच्या आवडीचा विषय कधीच नव्हता. वर्तमानपत्राचे पहिले पान उलटून थेट रविवारच्या पुरवणीकडे वळणाऱ्यांपैकी आम्ही. यशवंतराव चव्हाणांचे 'कृष्णाकाठ' (१९८४) हाती घेतले तेही नेत्याच्या ओढीने नव्हे, तर एका तारखेच्या शोधात.

१२ जुलै १९६१. त्या दिवशी वेल्हे तालुक्यात आंबी नदीवरचे, पुरते बांधूनही न झालेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. पुण्यातले जुने लोक वाड्याचे वय 'पानशेतच्या आधीचा' की 'नंतरचा' असे सांगतात. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा जेमतेम चौदा महिने झाले होते आणि मुख्यमंत्री होते यशवंतराव. आदल्या रात्री खचत्या बांधावर जवान वाळूची पोती रचत होते, त्या रात्रीविषयी हा माणूस काय लिहितो, एवढेच आम्हांला पाहायचे होते.

'कृष्णाकाठ' १९४६ मध्ये संपते. संसदीय चिटणीस होऊन लेखक मुंबईला निघतो आणि पुस्तक मिटते. मुंबईच्या वर्षांसाठी 'सागरतीर' आणि दिल्लीसाठी 'यमुनाकाठ' असे पुढचे खंड त्यांच्या मनात होते. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते गेले, खंड राहिले.

निराशा झाली, तरी पुस्तक खाली ठेवले नाही हेही सांगितले पाहिजे. देवराष्ट्रे हे आजोळ, प्लेगने हिरावलेले वडील, विठाईंचे कष्ट, कराडची शाळा, तुरुंगात आचार्य भागवतांसारख्यांच्या सहवासात झालेले वाचन, हे सारे लेखक कुठेही आवाज न चढवता सांगतो. बेचाळीसच्या भूमिगत पर्वात नावांची गर्दी होते. तिथे आम्ही पाने भराभर उलटली.

मग एक शंका आली. हे पुस्तक आमच्यासारख्याला आवडते ते त्यात सत्ता नाही म्हणूनच की काय? गांधीजींचे 'सत्याचे प्रयोग' १९२१ च्या आसपास थांबते. नेहरूंचे आत्मचरित्र १९३६ चे, म्हणजे पंतप्रधानपदाच्या अकरा वर्षे आधीचे. आपण वाङ्मय म्हणून शिकवतो ती नेत्यांची आत्मचरित्रे बहुधा सत्तेच्या उंबरठ्याशी थांबलेली असतात. उंबरठ्याच्या आत काय झाले ते आयोगांच्या अहवालांवर सोपवलेले. पानशेतसाठी आधी न्यायमूर्ती बावडेकर नेमले गेले, त्यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक. अहवाल धरण का फुटले हे विचारतो. जबाबदारीच्या खुर्चीतल्या माणसाला ती बातमी कशी पेलवली, हे विचारणे त्याचे काम नव्हे. ते 'सागरतीर'चे होते. 'कृष्णाकाठ'चा तो संयम तिथे पुरला असता, की त्याचे मौन झाले असते? आम्हांला दुसरी शक्यता अधिक वाटते. तरीही तो खंड हवा होता.

आंबीचे पाणी मुठेतून, पुढे भीमेतून, अखेर कृष्णेलाच मिळते. आम्ही मग ग्रंथालयात नाईक आयोगाचा अहवाल मागितला. राजकारणात रस नाही, हे या वेळी ग्रंथपालांना सांगितले नाही.