मालेगावचे ‘मॉलिवूड’ : यंत्रमागांच्या शहरातील चित्रपटसृष्टी

मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिक व धुळे यांच्या दरम्यान वसलेले मालेगाव उर्वरित महाराष्ट्राला परिचित आहे ते प्रामुख्याने दोन कारणांनी. पहिले कारण यंत्रमागांचे, तर दुसरे ८ सप्टेंबर २००६ आणि २९ सप्टेंबर २००८ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांचे. मात्र त्याच दशकात या शहरात एक तिसरी गोष्टही घडत होती. मागावर काम करणारे कामगार, दुकानदार आणि लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणारे तरुण एकत्र येऊन स्वतःचे चित्रपट तयार करीत होते. हिंदी आणि इंग्रजी चित्रपटांची ही विडंबने प्रथम शहरातील व्हिडिओ पार्लरमध्ये आणि पुढे सीडीवर पाहिली गेली. या छोटेखानी चित्रपटसृष्टीला ‘मॉलिवूड’ असे नावही मिळाले. मल्याळम चित्रपटसृष्टीही याच टोपणनावाने ओळखली जाते. मालेगावकरांनी मात्र हे नाव थट्टेने आणि अभिमानानेही स्वीकारले.

मूळ प्रेक्षकांतच

मालेगावचा कापडव्यवसाय जुना आहे. नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४० मध्ये येथे भुईकोट किल्ला बांधला. १८५७ च्या उठावानंतर उत्तर भारतातील विणकरांची कुटुंबे मोठ्या संख्येने येथे स्थायिक झाली. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. माग दिवसपाळी आणि रात्रपाळीत चालतात आणि शुक्रवारी बंद राहतात. या एका सुटीच्या दिवशी कामगारांना परवडणारी करमणूक म्हणजे सिनेमा. चित्रपटगृहांसमोर शुक्रवारी उसळणारी गर्दी ही मालेगावची जुनी ओळख होय. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘टायगर ३’च्या खेळात येथील मोहन चित्रपटगृहात प्रेक्षकांनी चक्क फटाके फोडल्याची घटना देशभर गाजली. प्रकार धोकादायक आणि निषेधार्ह होता, परंतु या शहराच्या सिनेमावेडाची त्यावरून कल्पना यावी.

नव्वदच्या दशकात या वेडाला व्हिडिओ पार्लरची जोड मिळाली. एक खोली, व्हीसीआर, पडदा किंवा टीव्ही संच आणि अल्प दराचे तिकीट एवढ्यावर ही पार्लर चालत. नासिर शेख हे असेच एक पार्लर चालवीत. चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली आणि जॅकी चॅन यांचे चित्रपट ते दाखवीत. भाषेविना समजणारा विनोद आणि हाणामारी प्रेक्षकांना का आवडते, याचे शिक्षण त्यांना कोणत्याही चित्रपटसंस्थेत नव्हे, तर या खोलीत मिळाले. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून संकलन करण्याचे तंत्रही त्यांनी येथेच आत्मसात केले.

सायकलस्वार डाकू

इतरांचे चित्रपट दाखविणाऱ्या पार्लरना विनापरवाना प्रतींवरील पोलीस कारवाईची टांगती तलवार कायम असे. आपणच चित्रपट बनवून आपल्याच पडद्यावर का दाखवू नये, हा विचार या परिस्थितीत स्वाभाविक होता. त्यातून ‘मालेगाव के शोले’ तयार झाला. सुमारे ५० हजार रुपयांत बनलेल्या या चित्रपटात घोड्यांच्या जागी सायकली आल्या आणि रेल्वेगाडीऐवजी बस. पैशांअभावी केलेली ही तडजोड पडद्यावर विनोद ठरली आणि पार्लरवर प्रेक्षकांची झुंबड उडाली.

विडंबन या प्रकाराची निवड केवळ हौसेपोटी झाली नव्हती. ‘शोले’ची कथा, पात्रे आणि प्रसंग प्रेक्षकांना तोंडपाठ होते. त्यामुळे कथा नव्याने पटवून देण्याचा, मोठ्या नटांचा आणि जाहिरातीचा खर्च वाचला. मूळ चित्रपट आणि समोरचे दृश्य यांतील अंतर जितके अधिक, तितका हशा मोठा. शिवाय पडद्यावरील डाकू हा शेजारच्या गल्लीतील ओळखीचा माणूस आणि त्याची बोली खान्देशी वळणाची. मुंबईच्या चित्रपटाला कितीही पैसा ओतून हे साधणे शक्य नव्हते. भांडवल नसलेल्या दिग्दर्शकासाठी विडंबन हा सर्वांत व्यवहार्य चित्रप्रकार होता, हे मालेगावने ओळखले.

हौशी मंडळी, नेमकी कामे

या यशानंतर शहरात चित्रपट बनविणाऱ्यांचा एक गट उभा राहिला. फरोग जाफरी यांनी लेखनाची, तर अक्रम खान यांनी अभिनय व संकलनाची बाजू सांभाळली. ‘मालेगाव की लगान’सारखी विडंबने आली. बहुतेक कलावंत रोजगार सांभाळून काम करीत. चित्रीकरण त्यांच्या सुटीनुसार ठरे. बैलगाडी आणि सायकल यांचा उपयोग कॅमेरा हलविण्यासाठी केला जाई.

या साऱ्यांची कहाणी दिग्दर्शिका फैझा अहमद खान यांनी २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपली. ‘मालेगाव का सुपरमॅन’च्या निर्मितीचा हा आलेख आहे. यातील नायक शफीक शेख हे प्रत्यक्षात यंत्रमाग कामगार. अंगकाठी किरकोळ, छातीवर ‘एस’ऐवजी ‘एम’ हे अक्षर आणि अर्ध्या चड्डीची नाडी लोंबकळणारी, असा हा सुपरमॅन. त्याला उडविण्यासाठी हिरवे कापड पार्श्वभूमीला लावून संगणकावर दृश्ये जोडण्याचे तंत्र वापरण्यात आले. एकदा तर कॅमेराच पाण्यात पडला आणि काम थांबले. एकच कॅमेरा असलेल्या गटासाठी तो सर्वस्व बुडण्याचा प्रसंग होता. तरीही चित्रपट पूर्ण झाला.

हा माहितीपट अनेक महोत्सवांत गाजला आणि २०१२ मध्ये भारतातील चित्रपटगृहांतही प्रदर्शित झाला. तो दिवस पाहण्यास शफीक शेख हयात नव्हते. २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. परदेशातील प्रेक्षकांना हसविणाऱ्या या नायकाच्या नशिबी माग आणि आजारपण चुकले नाही.

पार्लर गेले, प्रेक्षक विखुरला

मालेगावच्या या चळवळीचा कणा होता तो चित्रपट बनविणारा आणि दाखविणारा यांच्यातील जवळीक. चित्रपट पूर्ण होताच तो कोठे आणि कोणासमोर दाखवायचा, हा प्रश्न येथे उद्भवत नव्हता. बहुतेक स्वतंत्र दिग्दर्शक नेमके येथेच अडतात. तिकिटाचे पैसे थेट हाती येत आणि पुढील चित्रपटाची उभारणी त्यातून होई.

पुढे घरोघरी स्वस्त सीडी प्लेअर आले. मालेगावचे विनोदी चित्रपट खान्देश ओलांडून दूरवर पोहोचले, मात्र नफ्याचे सूत्र बदलले. सीडीची नक्कल काही मिनिटांत होई आणि तिचा मोबदला निर्मात्याला मिळत नसे. इतरांच्या चित्रपटांच्या नकला दाखवून शिकलेल्या शहराला आता स्वतःच्या नकलांचा फटका बसू लागला. पार्लर हळूहळू बंद पडली आणि एकत्र बसून हसणारा प्रेक्षक पांगला. नासिर शेख यांची ‘मालेगाव का चिंटू’ ही मालिका ‘सब’ वाहिनीवर झळकली, परंतु त्यामुळे शहरात कायमस्वरूपी स्टुडिओ वा प्रशिक्षणाची सोय उभी राहिली नाही.

विनोदाची परंपरा तरीही खंडित झालेली नाही. ‘छोटू दादा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलावंताच्या खान्देशी ढंगाच्या विनोदी चित्रफिती यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या आहेत. सीडीच्या दुकानाची जागा मोबाईलने घेतली, एवढाच फरक.

युगांडातील सख्खे भावंड

मालेगावसारखीच वाटचाल पूर्व आफ्रिकेतील युगांडातही दिसते. राजधानी कंपालाच्या वाकालिगा या वस्तीत आयझॅक नबवाना यांनी २००५ मध्ये आपली चित्रपटसंस्था सुरू केली. ‘हू किल्ड कॅप्टन अॅलेक्स’ हा त्यांचा २०१० चा मारधाडपट अत्यल्प खर्चात तयार झाला आणि पुढे इंटरनेटद्वारे जगभर पोहोचला. वस्तीतील कलावंत स्वतःच डीव्हीडी घरोघरी विकत. दोन्ही ठिकाणी लोकप्रिय चित्रप्रकाराचा आधार, ओळखीचे चेहरे आणि हाताशी असलेला प्रेक्षक हीच त्रिसूत्री होती. महागडी यंत्रसामग्री कोठेच नव्हती.

कौतुकापलीकडे

मालेगावच्या कहाणीला मर्यादाही आहेत. स्थानिक स्त्रियांना कॅमेऱ्यासमोर येण्याची मोकळीक नसल्याने नायिका बाहेरगावाहून आणाव्या लागत. पडद्यामागेही स्त्रिया जवळपास नव्हत्या. अर्धे शहर या चळवळीत केवळ प्रेक्षक म्हणूनच राहिले. सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार लागणारे प्रमाणपत्र, तसेच मूळ चित्रपटांच्या हक्कांचा प्रश्न यांमुळे मोठ्या चित्रपटगृहांकडे जाणारी वाटही खडतर होती.

रीमा कागती यांनी दिग्दर्शित केलेला आणि वरुण ग्रोवर यांनी लिहिलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ सप्टेंबर २०२४ मध्ये टोरांटो महोत्सवात आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी भारतात प्रदर्शित झाला. आदर्श गौरव, विनीतकुमार सिंह आणि शशांक अरोरा यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. मुंबईची नक्कल करणाऱ्या शहरावर मुंबईनेच चित्रपट काढावा, हे वर्तुळ पूर्ण झाले खरे. तथापि, अशा चित्रपटातून शहराला लौकिक मिळतो, पडदा मिळत नाही. मालेगावचा अनुभव सांगतो की कॅमेरा उसना मिळतो, कथाही उसनी चालते. उसना आणता येत नाही तो आपला प्रेक्षक आणि त्याला एकत्र बसविणारी जागा. गावोगावी हाती मोबाईल घेऊन चित्रपटाचे स्वप्न पाहणाऱ्या तरुणांना आज कॅमेऱ्यापेक्षा अशा एखाद्या खोलीचीच अधिक गरज आहे.