‘नेफ्रिन’ या संज्ञेचा पूर्वेतिहास

शास्त्रीय संज्ञा पुष्कळदा आपला इतिहास झाकून ठेवते. ‘नेफ्रिन’ ही त्यांपैकीच एक होय. ग्रीक भाषेत ‘नेफ्रॉस’ म्हणजे मूत्रपिंड. त्यावरून कार्ल ट्रिगवासन यांच्या संशोधक-गटाने १९९८ साली एका नव्या प्रथिनास हे नाव दिले. परंतु या शोधाचा आरंभ प्रयोगशाळेत झालेला नाही.

१९५६ साली नीलो हालमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनलंडमधील नवजात बालकांच्या एका विकाराचे वर्णन केले. मूत्रावाटे प्रथिने वाहून जात, अंगावर सूज चढे आणि बालक दगावे. पुढे १९६६ साली रेयो नोरिओ यांनी अशा कुटुंबांच्या वंशावळी जुळवून, हा विकार माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यासच प्रकट होतो, असे दाखविले. वंशावळींचा आधार होता चर्चच्या नोंदवह्यांचा. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या त्या नोंदी लिहिणाऱ्या धर्मोपदेशकांस वैद्यकाचा हेतू ठाऊकही नव्हता.

या वाटेनेच १९९४ साली जनुकाचे स्थान एकोणिसाव्या गुणसूत्रावर निश्चित झाले व चार वर्षांनी जनुक हाती आले. नेफ्रिन पेशीच्या पटलात रोवलेले असून मूत्रपिंडाच्या गाळणीतील सूक्ष्म चिरांवर जाळी विणते. ते नसेल तर गाळणी निरुपयोगी ठरते.

हा विकार अन्य देशांतही आढळतो. तरीही त्यास ‘फिनिश प्रकार’ म्हणतात. ते विशेषण रोगाच्या सीमेचे नव्हे, तर जपून ठेवलेल्या नोंदींचे स्मारक समजावे.