इराणी पोथीचित्रांतील वस्त्रे आणि चिलखते

ज्याचा जन्म कापडाच्या पेढीवर गेला, त्याच्यासमोर एखादे जुने चित्र ठेवले तर त्याची नजर प्रथम चेहऱ्याकडे जात नाही, ती अंगावरील वस्त्राकडे जाते. काठ कसा आहे, बुट्टी विणीतली की छापाची, अस्तर लावले आहे काय, बंद कोणत्या कुशीला बांधला आहे, हे तो आधी पाहतो. प्रस्तुत लेखकाचे तसेच आहे. इतिहासाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. पदवी वाणिज्य शाखेची. परंतु इराणातील मध्ययुगीन सचित्र पोथ्यांच्या प्रतिकृती पाहण्याचा छंद अनेक वर्षांचा आहे, आणि त्या चित्रांवरून त्या काळचा पोशाख व युद्धसामग्री यांविषयी कितपत खात्रीने बोलता येते, हा प्रश्न मनात सतत घोळत राहिला आहे.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असेही नाही. जामा, पायजमा, किनखाब, बख्तर हे शब्द आपण मराठी म्हणून वापरतो. ते आले फारसीतून. जिरेटोपातील ‘जिरे’ म्हणजे फारसी ‘झिरह’, अर्थात लोखंडी कड्यांचे कवच. शब्द आपल्याकडे राहिले, त्या वस्तूंचे जुने रूप मात्र इराणी पोथ्यांच्या पानांवर पाहावे लागते.

फिरदौसीने ‘शाहनामा’ हे महाकाव्य इ. स. १०१० मध्ये पूर्ण केले. आज उपलब्ध असलेल्या त्याच्या सचित्र प्रती इ. स. १३०० च्या सुमारापासूनच्या आहेत. म्हणजे कवी आणि चित्रकार यांच्यात तीन शतकांचे अंतर, आणि कवीने वर्णिलेले राजे तर त्याहूनही कितीतरी प्राचीन. मग चित्रकाराने त्या राजांना वस्त्रे कोणती दिली? उत्तर सरळ आहे. त्याने आपल्या डोळ्यांसमोर जी होती तीच दिली. आपल्याकडे राजा रविवर्मा यांनी पुराणातील देवींना नऊवारी लुगडे नेसविले, तशातलाच हा प्रकार. त्या चित्रांवरून पुराणकाळी नऊवारी होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु रविवर्म्यांच्या काळी ते कसे नेसले जाई, याचा तो चांगला पुरावा आहे.

तब्रीझ येथे १३१४ च्या सुमारास लिहिलेल्या आणि आज एडिंबरो विद्यापीठात असलेल्या रशीदुद्दीनच्या ‘जामिउत्तवारीख’ या इतिहासग्रंथात एक प्रसिद्ध चित्र आहे. गझनीचा महमूद मध्यभागी उभा राहून बगदादच्या खलिफाने पाठविलेला मानाचा झगा, म्हणजे खिलत, अंगात चढवीत आहे. प्रसंग इ. स. १००० च्या सुमाराचा, चित्र त्यानंतर तीनशे वर्षांनी काढलेले. महमुदाच्या पोशाखाविषयी हे चित्र आपल्याला काहीच सांगू शकत नाही. परंतु खिलत देण्याघेण्याचा सोहळा मंगोल अमदानीतील तब्रीझच्या माणसाला कसा परिचित होता, हे मात्र कळते. १३३० च्या दशकातील ‘थोरला मंगोल शाहनामा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोथीत तर सिकंदर आपल्या पोरस राजाशी (फिरदौसीचा ‘फूर’) लढताना दिसतो, आणि सिकंदराची माणसे मंगोल शिपायांसारखी सजलेली आहेत!

आता प्रश्न असा की, चित्रकाराने ‘डोळ्यांसमोरचे’ काढले, हे तरी कशावरून मानावे? येथे व्यापाऱ्याची रीत कामी येते. एका खात्यातील नोंद दुसऱ्या खात्याशी पडताळून पाहावी. मंगोल चिलखत चित्रांत दिसते ते असे: बोटाएवढ्या लहान लहान पट्ट्या आडव्या ओळींत ओवलेल्या, ओळीखाली ओळ, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. पोपचा दूत म्हणून कार्पिनी नावाचा धर्मगुरू १२४५ ते १२४७ या काळात मंगोल खानाकडे जाऊन आला. त्याने लिहून ठेवले आहे की, हे लोक बोटभर रुंद आणि वीतभर लांब अशा पातळ लोखंडी पट्ट्या करतात, प्रत्येकीला आठ छिद्रे पाडतात आणि चामड्याच्या वाद्यांनी त्या एकत्र ओवतात. लेखणी आणि कुंचला यांचा असा मेळ बसला की साक्ष पक्की होते. तरीही एक गोष्ट चित्र सांगत नाही. मंगोलांची काही चिलखते चामड्याची असत, काही लोखंडाची. चित्रात पट्टी लाल वा निळी रंगविली असेल, तर ती रंगविलेले चामडे आहे, रंग दिलेले लोखंड आहे की केवळ चित्रकाराची हौस आहे, हे रंगावरून ठरविणे धोक्याचे.

त्यानंतर १२५३ मध्ये निघालेल्या रुब्रुक या दुसऱ्या प्रवाशाने अशी एक बाब टिपली आहे की आमच्या धंद्यातील माणसाने तिला दाद द्यावी. तुर्क लोक अंगरखा डाव्या बाजूला बांधतात, मंगोल मात्र नेहमी उजव्या बाजूला, असे तो म्हणतो. आपल्याकडे मुघल काळात जाम्याचे बंद हिंदू डावीकडे व मुसलमान उजवीकडे बांधीत, हे अनेकांना ठाऊक असेल. छातीवरून तिरकी जाणारी कड कोणत्या काखेकडे वळते एवढ्यावरून माणूस कोणाचा हे ओळखण्याची पद्धत आशियात इतकी जुनी आहे. वाचकांनी यापुढे असे चित्र पाहताना ही कड अवश्य पाहावी. स्त्रियांच्या बाबतीत अशीच खूण म्हणजे ‘बोकताक’, मंगोल राण्यांचे उंच नळकांड्यासारखे शिरोभूषण. बर्लिन येथील चित्रसंग्रहात इलखानी दरबाराची जी चित्रे आहेत त्यांत राण्यांच्या डोक्यावर ते दिसते, रुब्रुकनेही त्याचे वर्णन केले आहे, आणि मंगोलांच्या थडग्यांत त्याचे अवशेषही सापडले आहेत.

कापडाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. मंगोलांना जरीच्या कापडाचे विलक्षण वेड होते. जिंकलेल्या शहरांतील विणकरांना मारण्याऐवजी ते उचलून नेत आणि हजारो मैलांवर नवे माग बसवीत. त्यामुळे चिनी नक्षी इराणी मागावर आणि इराणी नक्षी चिनी मागावर चढली. चित्रांतील राजे सोनेरी नक्षीचे झगे घालून बसलेले दिसतात, तेव्हा प्रथम वाटते की चित्रकाराने सोन्याचा हात सढळ सोडला असावा. परंतु त्या काळचे एक वस्त्र प्रत्यक्ष शिल्लक आहे. ऑस्ट्रियाचा ड्यूक चौथा रुडॉल्फ १३६५ मध्ये मिलान येथे मरण पावला. त्याचा देह ज्या वस्त्रात गुंडाळून व्हिएन्नास आणला, ते रेशीम आणि सोन्याच्या जरीचे आहे, आणि त्यावर विणीतच इराणचा इलखान अबू सईद याचे नाव व बिरुदे आहेत. अबू सईद १३१६ पासून १३३५ पर्यंत गादीवर होता. एका मुसलमान सुलतानाच्या नावाचे कापड तीसएक वर्षांत हातोहात फिरत युरोपात जाते आणि एका ख्रिस्ती राजपुत्राचे कफन होते! हे वस्त्र आज व्हिएन्नातील संग्रहालयात आहे. त्यातील आडवे पट्टे, अक्षरांची ओळ आणि दाट जर पाहिल्यावर चित्रकाराने अतिशयोक्ती केली नव्हती, याची खात्री पटते.

इराणी चित्रकाराची एक लकब तर कापडवाल्याच्या सोयीचीच म्हणावी लागेल. तो वस्त्राला चुण्या दाखवितो, परंतु नक्षी बहुधा त्या चुण्यांत मोडू देत नाही. गिऱ्हाइकासमोर तागा उलगडून पसरावा तशी ती सपाट काढतो. चित्रकलेच्या दृष्टीने हा दोष मानणारे मानोत, पण त्यामुळे बुट्टीची ठेवण आणि ती किती अंतराने परत येते हे मोजता येते. पोत मात्र कळत नाही. मखमल आहे की साटीन, हे रंगावरून सांगणारा माणूस अजून भेटायचा आहे.

हे चित्रकार वस्तू जाणत होते याचा एक कागदोपत्री पुरावाही आहे. तैमूरचा नातू बायसुंगर याची हेरात येथे मोठी ग्रंथशाळा होती; १४३० चा प्रसिद्ध ‘बायसुंगरी शाहनामा’ तिथलाच. तेथील प्रमुख जाफर याने धन्याला सादर केलेला कामाचा अहवाल सुदैवाने शिल्लक आहे. कोणत्या पोथीचे कोणते पान कोठवर आले, कोण आजारी आहे, कोणी काय संपविले, असा तो चोख हिशेब आहे. त्यात पोथ्यांबरोबरच खोगिरासाठी काढलेल्या नक्षीचीही नोंद आहे. जी शाळा खोगिराची नक्षी आखून देत होती, तिच्या चित्रातील खोगीर ऐकीव असण्याचे कारण नाही.

याची दुसरी बाजूही आहे. चित्रशाळांत जुन्या आकृतींचे छाप जपून ठेवीत. पातळ कातड्यावर आकृती उतरवून, रेषेवर टाचणीने भोके पाडून, त्यातून कोळशाची पूड झटकली की तीच आकृती नव्या कागदावर उमटे. आजोबांच्या काळातील घोडेस्वार नातवाच्या पोथीत तसाच येई, आणि त्याच्याबरोबर त्याचा जुना पोशाखही. शिवाय काही पात्रांचा वेष ठरलेला असे. रुस्तुम म्हटला की अंगावर व्याघ्रचर्माचा अंगरखा आणि शिरस्त्राणावर चित्त्याचे मुंडके. यावरून इराणी सरदार वाघाची कातडी पांघरून लढत असे म्हणणे, म्हणजे कॅलेंडरवरील शंकर पाहून हिमालयातील लोकांचा पोशाख ठरविण्यासारखे आहे.

याउलट फॅशनच्या बारीकशा खुणेवरून चित्राचा काळ ठरविता येतो. १५०१ मध्ये इराणात सफवी घराणे आले. त्यांच्या अनुयायांच्या डोक्यावर बारा घड्यांची टोपी असे, बारा इमामांची खूण म्हणून. तिच्या शेंड्यावर उभा दांडा, आणि भोवती पागोटे. शाह तहमास्पसाठी १५२० च्या दशकात सुरू झालेल्या, २५८ चित्रे असलेल्या ‘शाहनाम्या’त इस्लामच्या कितीतरी आधीचे अग्निपूजक राजे आणि त्यांचे दरबारी हेच शिया पागोटे घालून बसले आहेत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो दांडा दिसेनासा होतो. त्यामुळे दांडा दिसला की चित्राचा काळ जवळपास हाती येतो.

अशी एक इराणी वेषाची खूण आपल्या जैन पोथ्यांतही आहे, आणि याच कारणास्तव हा विषय या स्मरणिकेसाठी निवडला. कालकाचार्य कथा सर्वांना ठाऊक आहे. उज्जयिनीच्या गर्दभिल्ल राजाने साध्वी सरस्वतीचे हरण केले, तेव्हा तिचे बंधू कालकाचार्य सिंधूपलीकडील शक राजांकडे, ‘साहीं’कडे, गेले आणि त्यांच्या मदतीने तिची सुटका केली. ही कथा परंपरेने विक्रम संवताच्या आधीची. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून गुजरातेत कागदावर लिहिल्या गेलेल्या या कथेच्या पोथ्या पाहाव्यात. इतर सर्व पात्रे एका कुशीने, लांब नाकाची आणि पलीकडचा डोळा चेहऱ्याबाहेर आलेला, अशी आपल्या ठरीव पद्धतीची. परंतु साही राजा आला की चित्रकाराचा हात बदलतो. चेहरा तीनचतुर्थांश वळलेला, मंगोल वळणाचा, बाहेर आलेला डोळा नाही. अंगात लांब बाह्यांचा डगला, पायांत बूट. हा पहिल्या शतकातील शक नव्हे. इराणी चित्रांतून वा इराणी व्यापाऱ्यांच्या सहवासातून आमच्या चित्रकाराला ठाऊक झालेला, त्याच्या कल्पनेतील ‘परदेशी राजा’ तो आहे. शकांच्या वेषभूषेसाठी या चित्रांचा आधार घेणारे लेख अधूनमधून वाचनात येतात. ते मला पटत नाहीत.

पंधराव्या शतकाच्या अखेरची, अहमदाबादच्या देवसानो पाडो भांडाराची कल्पसूत्र-कालकाचार्य कथा तर या दृष्टीने अजोड आहे. मजकूर आपला, चित्रे आपली, आणि पानाच्या समासांत इराणी घोडेस्वार व शिकारी! इराणी निळा आणि सोने यांचाही तीत सढळ वापर आहे. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाचे संचालक असलेले डॉ. मोतीचंद्र यांनी पश्चिम भारतातील जैन चित्रांवर १९४९ मध्ये ग्रंथ लिहिला आणि भारतीय वेषभूषेचाही स्वतंत्र अभ्यास केला. त्यांच्यासारख्यांच्या श्रमामुळे आपल्याला या पोथ्यांतील वस्त्रे वाचता येऊ लागली. ती वस्त्रे खरी होती याचा पुरावा मिळाला तो इजिप्तमध्ये. कैरोजवळील फुस्तात येथे गुजरातेत छापलेल्या सुती कापडाचे जुने तुकडे सापडले. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातील एका संग्रहात असे सुमारे १,२०० तुकडे आहेत. आपल्या पोथ्यांतील स्त्रीपुरुषांच्या वस्त्रांवर जी हंसांची रांग दिसते, तशीच रांग अशा कापडावर छापलेली आढळते.

हा सर्व पुरावा पोथी अखंड असण्यावर अवलंबून आहे, आणि येथे मन खट्टू होते. ‘थोरला मंगोल शाहनामा’ विसाव्या शतकाच्या आरंभी देमोत नावाच्या पॅरिसच्या व्यापाऱ्याने सुटा करून विकला. त्याची पाने आज जगभर विखुरली आहेत. तहमास्पच्या पोथीचे तेच झाले. १९५९ मध्ये ती ह्यूटन या अमेरिकन धनिकाने घेतली. काही पाने त्याने संग्रहालयाला दिली, काही लिलावात विकली. उरलेली ११८ चित्रे १९९४ मध्ये डी कूनिंग या आधुनिक चित्रकाराच्या एका चित्राच्या बदल्यात इराणला परत मिळाली. २०२२ मध्ये लंडनला याच पोथीचे एक पान ८० लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. व्यापारी म्हणून मला नफा समजतो. परंतु ज्या पानावर पोथी कोणी, कोठे, कोणत्या साली लिहविली हे असते, त्यावर चित्र नसते. म्हणून त्याला भाव नसतो आणि ते आधी हरवते. मग उरलेल्या चित्रातील अंगरखा तब्रीझचा की शिराझचा, १३३० चा की १४३० चा, यावर तज्ज्ञ वर्षानुवर्षे वाद घालत बसतात. कल्पसूत्राच्या सुट्या पानांचा बाजारही असाच आहे. आपल्याकडील जुन्या घरांत रुमालात बांधलेल्या पोथ्या अजून निघतात. त्या उघडताना चित्राच्या पानाइतकेच शेवटचे, नुसत्या अक्षरांचे, पुष्पिकेचे पान जागेवर आहे ना, हे प्रथम पाहावे, आणि पोथी भांडाराकडे द्यायची तर ती त्या पानासह द्यावी.