तालमीचे निमित्त आणि उचगावचा संशय

बेळगावहून हिंडलगा, सुळगा ओलांडून उचगावला जाणारा रस्ता आपल्या गोव्यातल्या पुष्कळ मराठी मंडळींना ठाऊक आहे. कुणी मळेकरणी देवीला गेलेला असतो, कुणी तिथल्या मराठी साहित्य संमेलनाला. या गावात उद्या सरकारने सायबर हल्ल्याच्या तयारीची तालीम जाहीर केली, तर लोक काय विचारतील? माझ्या मते 'हल्ला कोण करणार?' असे नाही, तर 'आता काय बंद करणार?' असे विचारतील.

पणजीत बसून याला हसणे सोपे आहे. पण त्याच रस्त्यावर हिंडलग्याला हुतात्मा स्मारक आहे. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसे गेली. त्या वेळी प्रवेशबंदी असल्याने छगन भुजबळ वेष पालटून बेळगावात शिरले होते. १९ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारून जमावबंदी लावली गेली. कारण तेच, सुव्यवस्था. 'खबरदारी' म्हटले की सीमाभागात 'बंदी' ऐकू येते ती अशी.

ही भाषा इंग्रजांची. १८८५ च्या तार कायद्यात 'सार्वजनिक आणीबाणी' आणि 'सार्वजनिक सुरक्षितता' या कारणांवरून संदेश अडवण्याची सोय होती. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही हेच शब्द आहेत. जून २०२३ मध्ये निपाणीपासून जवळच असलेल्या कोल्हापुरात इंटरनेट बंद झाले, तेव्हा सायबर हल्ला वगैरे काही नव्हता, दंगल होती.

मात्र संशय खरा म्हणून धोका खोटा ठरत नाही. पुण्यात १८९७ साली प्लेग खराच होता, आणि रँडच्या घरझडत्यांविषयीचा संतापही खराच होता. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण कवायतीला 'नाटक' म्हणणारे होते. २४४ जिल्ह्यांच्या त्या यादीत आपला गोवाही होता. पण त्याच दिवशी पहाटे 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झाले होते.

घोटाळा होतो तो पुढे, हिशेब देताना. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली. मार्च २०२१ च्या आरंभी राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताची शक्यता सांगितली; केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक. सरकारे दोन, उत्तरेही दोन. सामान्य माणसाने कोणते खरे मानायचे? देशातल्या सायबर तालमी घेणारी 'सर्ट-इन' ही संस्था २००४ पासून आहे, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिला माहिती अधिकारातून वगळण्यात आले. सर्वच उघड करा असे कोण म्हणेल? पण मी स्वतः कारकून. 'गोपनीय' शिक्क्याखाली गुपितापेक्षा आळस अधिक लपलेला असतो, हे फायली हाताळणाऱ्याला कुणी सांगावे लागत नाही.

इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन खटल्यात बजावले. तालमींनाही तेच लागू करता येईल. काय तपासले, कुठे कमी पडलो, लोकांची कोणती माहिती घेतली आणि ती किती दिवस ठेवणार, एवढे एक पान पुरे. ते पान उचगावच्या पंचायतीच्या फलकावर लागावे, आणि कन्नडबरोबर मराठीतूनही लागावे.