तिखट, मिरची आणि रीसलिंग : दौलताबादच्या परिसरातील चवीचा एक शब्दैतिहासिक विचार

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील प्रसिद्ध नान-खलिया हा पदार्थ महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलविली तेव्हा, म्हणजे इ. स. १३२७ च्या सुमारास, त्याच्या सैन्यासमवेत येथे आला अशी लोकसमजूत आहे. दुसरीकडे, मसालेदार भारतीय अन्नाबरोबर कोणते द्राक्षमद्य शोभते ह्या प्रश्नास अलीकडे 'रीसलिंग' हे उत्तर ठरल्याप्रमाणे दिले जाते. नान-खलियाच्या पंक्तीत मद्यास स्थान नाही, हे उघड आहे. तथापि ह्या दोन्ही विधानांत 'तिखट' ही एक अखंड, अविकारी चव आहे असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दांची साक्ष घ्यावी. संस्कृतात झोंबणाऱ्या चवीस 'कटु' आणि कारल्यासारख्या चवीस 'तिक्त' म्हणत. मराठीत मात्र 'कटु' पासून आलेला 'कडू' हा शब्द कारल्याकडे गेला, आणि झोंबणाऱ्या चवीसाठी 'तीक्ष्ण', प्राकृत 'तिक्ख', ह्या धारवाचक शब्दापासून 'तिखट' सिद्ध झाला. म्हणजे आज आपण ज्यास तिखट म्हणतो ती मुळात जिभेस टोचणारी चव होय. तीत कोणत्याही विशिष्ट पदार्थाचे नाव अनुस्यूत नाही. पुढे मात्र हाच शब्द लाल मिरचीच्या भुकटीचे नाव होऊन बसला. 'भाजीत तिखट घाल' असे म्हणताना आज कोणी मिऱ्याचा डबा उघडत नाही. गुणाचा वाचक शब्द द्रव्याचा वाचक झाला. हा अर्थसंकोच म्हणजेच एका मोठ्या स्थित्यंतराची खूण आहे.

'मिरची' हा शब्दही हेच सांगतो. संस्कृत 'मरिच' म्हणजे मिरे. अमेरिकेतून आलेल्या नव्या फळास मराठीने जुन्या ओळखीच्या मिऱ्याचेच नाव थोड्या फरकाने दिले. तेलुगू व कन्नड ह्या शेजारच्या भाषांनीही तोच मार्ग अनुसरला. मिरची पोर्तुगीजांच्या व्यापारामार्गे सोळाव्या शतकात भारतात आली. तेव्हा इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली त्या काळी, किंवा तुघलकाच्या छावणीत, मिरची असणे अशक्यच होते. त्या काळचा तिखटपणा मिरे, पिंपळी, आले-सुंठ आणि मोहरी ह्यांचा. परिणामी नान-खलियाची परंपरा तुघलककालीन मानली, तरी त्यावर आज तरंगणारा लाल तवंग त्या काळचा मानता येत नाही. परंपरा खोटी ठरते असा ह्याचा अर्थ नव्हे. ती जिवंत राहिली म्हणूनच बदलली, एवढेच म्हणावयाचे.

आता द्राक्षाकडे वळू. ह्या भूमीस द्राक्ष नवे नाही. इ. स. १३४२ च्या सुमारास दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा पिकतात असे नमूद केले आहे. मद्याचा पुरावा त्याहूनही जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हटले असून, 'कापिशायन' व 'हारहूरक' ही त्याची नावे उत्पत्तिस्थानावरून पडली असे सांगितले आहे. पेरिप्लस ह्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथानुसार भडोच बंदरी इटलीचे मद्य विशेष आवडीने घेतले जाई; त्याच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर होते. मात्र ही दोन्ही साधने मद्य बाहेरून येत असल्याचे सांगतात, आणि इब्न बतूता खाण्याच्या फळाविषयी बोलतो. द्राक्ष होते म्हणून द्राक्षमद्याची स्थानिक परंपरा होती, असे अनुमान त्यातून काढता येत नाही. महाराष्ट्रात आधुनिक द्राक्षमद्याचा उद्योग नारायणगाव परिसरात १९८० नंतर आणि नाशिक परिसरात २००० च्या सुमारास उभा राहिला. नाशिकच्या सुला ह्या संस्थेने रीसलिंगही तयार केली आहे.

रीसलिंग ह्या वाणाचा पहिला ज्ञात उल्लेख इ. स. १४३५ चा, जर्मनीतील र्‍युसेल्सहाइम येथील हिशेबात सापडतो. हे वाण थंड हवामानात सावकाश पिकते. त्यामुळे त्याच्या मद्यात आंबटपणा भरपूर आणि मद्यार्क तुलनेने कमी राहतो. रसातील साखर जवळजवळ संपूर्ण आंबून गेली की 'ड्राय', जर्मन भाषेत 'ट्रोकेन' म्हणजे कोरडा, प्रकार होतो. त्यात लिटरमागे नऊ ग्रॅमपर्यंत साखर चालते, पण आंबटपणा तिच्याहून फार तर दोन ग्रॅमने कमी असावा लागतो.

मिरचीतील कॅप्सेसिन जिभेवरील उष्णतेची जाणीव करून देणारे ग्राहक चेतविते, आणि मद्यार्क त्याच ग्राहकांना अधिक हळवे करतो. म्हणून जहाल मिरचीबरोबर कोणतेही मद्य आग वाढविते. ती शमविण्यास थोडी गोडी लागते, आणि तीच ड्राय रीसलिंगमध्ये नसते. उलट आले, मिरे, धने, लिंबू ह्यांच्या सौम्य तिखटाशी तिचा आंबटपणा उत्तम जुळतो. थोडक्यात, ड्राय रीसलिंग ज्या तिखटास मानवते ते मिरचीपूर्व दख्खनचे तिखट आहे. ज्या तिखटासाठी तिची सरसकट शिफारस होते ते मिरचीनंतरचे. दोहोंस एकच शब्द असल्यामुळे हा भेद झाकला जातो.

भोजनाच्या इतिहासात शब्द टिकतो आणि वस्तू बदलते, हे सूत्र अभ्यासकाने विसरता कामा नये. जुन्या ग्रंथात 'तिखट' वाचताना डोळ्यांपुढे लाल रंग उभा राहिला, तर तेथे ग्रंथाचा नव्हे, आपलाच काळ बोलत असतो.